बाहेरच्याईचं घर

मी लहानू पेंटर, वडसाचा. बोर्डावर शुद्ध लिवतो, तोंडानं मात्र जसं येते तसंच बोलतो. ज्याले पटत नसन त्यानं माह्ये बोर्ड वाचावे, मले ऐकू नये. हिवाळ्यात नाटकाचे पडदे रंगवतो, उन्हाळ्यात दुकानाच्या पाट्या. सत्त्याऐंशी साली चंद्रपूरच्या बाहेर मोकळ्या मैदानावर एक संग्रहालय निघालं, अन् तिथच्या एकेचाळीस पाट्या लिवाचं काम मले भेटलं. त्यातली एक पाटी आठवली का अजूनही माह्ये कान गरम होतात. पण पाटीचं जाऊ द्या, मले बायनाबाईचं सांगाचं हाय.

संग्रहालय म्हणजे काय, तर जंगलातल्या गावची जुनी घरं उकलून आणाची. लाकडाले नंबर, दाराले नंबर, कवेलूच्या, म्हणजे कौलाच्या, थप्प्याले नंबर. इथी आणून तशीच्या तशी उभी कराची, अन् मंग शहरच्या लोकाईनं तिकीट काढून पाहाची. ज्याईची घरं आणली त्याईलेही तिकीट. एक बुढा खिडकीवर अर्धा तास भांडला, का माह्या सासऱ्याचा गोठा पाहाले मले चिठ्ठी काऊन पाह्यजे म्हणून. जन्मभर त्या गोठ्यातलं शेण काढलं तवा कोणी चिठ्ठी मागतली नाई म्हणे.

संग्रहालयाचे साहेब पुण्याचे. माणूस वाईट नाई, हे आधीच सांगून ठेवतो. सकाळपासून उन्हात उभा राहणारा, पान नाई, तंबाखू नाई, कोणाले अरे-तुरे नाई. खोड एकच. समोरचा माणूस अर्धं बोलला का उरलेलं अर्धं साहेब स्वतःच बोलून टाकत. अन् जंगलातले लोक तर अर्धंच बोलतात. आता काय होईन ते सांगा!

धानोऱ्याच्या पुढे कोसमटोला म्हणून गोंडाईचं गाव हाय. जानेवारीत साहेब तिथी गेले. मी नव्हतो संगं, पण बायनाबाईनं मले हे इतक्या खेपा सांगतलं का मी होतो असंच वाटते. साहेबानं एक घर निवडलं, एक गोठा निवडला, धानाची कोठी निवडली. मंग गावाच्या कडेले त्याईले एक कुटी दिसली. बुटकं दार, खिडकी नाई, वर कवेलू. साहेबानं गावच्या पोचू पाटलाले इचारलं, "हे कुणाचं?"

आता ते कोणाचं हे त्या गावात शेंबड्या पोट्ट्यालेही माहीत. महिन्याच्या चार दिवसात बाईनं घरात राहाचं नाई, चुलीजवळ जाचं नाई, कोणाले शिवाचं नाई, त्या कुटीत बसाचं. गोंडीत तिले कुर्मा म्हणतात. पण पाटील साठीचा माणूस. अनोळखी साहेबापुढे, चार शिपायाच्या देखत, हे नाव तोंडातून काढन कसा? आपण मराठीत म्हणतोच ना, अमकी 'बाहेरची' हाय म्हणून. तसंच त्यानं जमिनीकडे पाहून सांगतलं, "हे बाहेरच्याईचं घर होय, साहेब."

बस! साहेबाचे डोळे भरून आले.

"बाहेरच्यांचं घर!" साहेब संगंच्या लोकाईले म्हणाले. "बघा, बाहेरून येणाऱ्यासाठी गावानं स्वतंत्र घर बांधलंय. आमच्याकडे पाहुणा आला की आम्ही घड्याळ बघतो. लिहून घ्या, अतिथीगृह!"

पाटील "तसं नाई जी" म्हणाच्या बेतात होता, तेवढ्यात आतून लेकरू रडलं. साहेबानं आवाज खाली आणला. "आत कुणी आहे?"

"हो जी. सीता हाय, लेकरासंगं. दोन दिवस झाले. आणखीन दोन दिवसानं निघन."

साहेबानं बूट काढले. दारापुढे गेले, हात जोडले, अन् म्हणाले, "ताई, आपण सावकाश राहा. आमची काही घाई नाही." आत सीतानं पदर तोंडात कोंबला. तिले वाटलं, पोलीस आले. अन् खरंच, सरकारचा ट्रक, आठ माणसं अन् स्वतः साहेब, सारे दोन दिवस गावात थांबले, पाहुणीचा मुक्काम मोडू नये म्हणून. चौथ्या दिवशी सीता लेकरू घेऊन निघाली, तवा साहेबानं तिले पुन्हा हात जोडले. जन्मात तिले कोणी एवढा मान दिला नसन, अन् कायच्यापायी देला हे तिले आजही समजलं नाई.

कागद झाला. कुटी आम्ही नेतो, बदल्यात तशीच नवी बांधून देतो. पाटलानं अंगठा लावला. एवढ्यावर थांबते तर साहेब कसले! कुटीची आतून माहिती सांगणारं माणूस पाह्यजे म्हणाले. गावातल्या एकाही पुरुषानं ती कुटी आतून पाह्यली नव्हती. पाटलानं बायनाबाईले पुढे ढकललं. ती सीताची माय. पन्नाशीची, विधवा, नवरा जाऊन सात वर्षं झाली होती. लेक गावातच देली होती, म्हणून एकटी असूनही एकटी नव्हती. साहेबानं रजिस्टरात तिचं नाव लिवलं: श्रीमती बायनाबाई, अतिथीगृहाची परंपरागत व्यवस्थापिका. अन् साऱ्या कुट्या सारवाच्या कामावर चंद्रपूरले आणलं.

बायनाबाई म्हणजे बुटकी, काळी, मजबूत बाई. हसाले लागली का मैदानाच्या त्या टोकाले ऐकू जाये. मराठी तिची जेमतेम, पण कमी शब्दात असं बोले का आपणच गप्प. सकाळी पांढऱ्या मातीचा हात भिंतीवर फिरवाले बसली का दुपारपर्यंत उठत नव्हती. जेवाले मात्र माह्याजवळ येऊन बसे, कारण बाकीचे तिले 'व्यवस्थापिका' म्हणून चिडवत. मले ती 'लहानूभाऊ' म्हणे, मी तिले 'बाई'.

एप्रिलात मी कुटीपुढे पाटी घेऊन बसलो होतो. 'अतिथी' झालं होतं, 'गृ'ले काना नसते म्हणून मी जरा खुशीत होतो. बायनाबाई मांगं येऊन उभी राह्यली.

"काय लिवून राह्यले, भाऊ?"

"अतिथीगृह. म्हणजे पाहुण्याचं घर."

"कोणतं?"

"हेच, तुमचं."

ती हसाले लागली. आधी उभ्यानं हसली, मंग खाली बसून, मंग भिंतीले टेकून, डोळ्यात पाणी येईपर्यंत. मी म्हणलं, काय झालं वं माय, ऊन बाधलं काय तुले? तवा तिनं सांगतलं. माह्या हातचा ब्रश डब्यात पडला. साहेब दररोज दुपारी त्याच कुटीत पाठ टेकत होते! थंड लागते म्हणत, मन शांत होते म्हणत. पोचू पाटील एकदा चंद्रपूरले आला होता, साहेबाले तिथी घोरताना पाह्यलं अन् पाणीही न पेता बसस्टँडवर पळाला होता. मी दोन दिवस एकटाच हसत राह्यलो. जेवता जेवता हसू येये.

तिसऱ्या दिवशी बायनाबाई हसली नाई. म्हणे, "भाऊ, त्या कुटीत मी चार वर्षं काढली."

"सलग?"

"चार चार दिवसानं. सोळा वर्षाची होती तवापासून. लेकराच्या वेळचं सोडून जोडा, चार वर्षं होते. मले ते घर आवडते असं नाई. पण वरून गळत नव्हतं. आता सीता कुठी बसते माहीत हाय का? पळसाच्या डहाळ्या टाकल्या हायेत काड्यावर. वरून ऊन, खालून मुंग्या. मागच्या टायमाले विंचू निघाला लेकराच्या फडक्यातून. आता मिरग आला का पाणी सीधं अंगावर. नात एक वर्षाची हाय माही."

"नवी बांधून देणार होते ना?"

"देणार होते."

ते काऊन देलं नाई, हे मले ऑफिसातल्या फाईलीतून समजलं. नव्या कुटीले बांबू अन् बल्ल्या पाह्यजे. गावाच्या चारही बाजूनं जंगल, पण परवानगीशिवाय तोडलं का केस होते. साहेबानं वनखात्याले अर्ज पाठवला, अन् अर्जात स्वतःच्या हातानं मोठ्या अभिमानानं लिवलं: गावाच्या अतिथीगृहासाठी. तिकडून उत्तर आलं. घर, गोठा, कुंपण यासाठी बांबू देता येईल. अतिथीगृह ही ग्रामस्थांची निकड असल्याचे दिसून येत नाही. पाहुण्यांची सोय तूर्त पाटलांच्या घरी करावी.

घ्या! चार दिवसाच्या बायाईले पाटलाच्या घरी ठेवा म्हणे! साहेबानं बिचाऱ्यानं तीन स्मरणपत्रं पाठवली, तिन्हीत अतिथीगृहाची थोरवी अजून वाढवून लिवली. जेवढी थोरवी वाढे तेवढा बांबू लांब जाये.

बायनाबाईले वाचता येत नव्हतं, पण कुठी अडलं ते तिले बराबर समजलं. म्हणे, "एक शब्द चुकला म्हणून माही पोरगी उघड्यावर बसली. तो शब्द तुमी लिवला ना, भाऊ? तुमीच पुसा."

आता खरं सांगतो, मी भेलो. साहेबापुढे जाऊन असली गोष्ट कशी काढाची, अन् काढली तर पुढचं काम जाईन, दोन्हीचा धाक. तरी गेलो एकदा. म्हणलं, "साहेब, त्या पाटीचा अर्थ जरा..." साहेबानं उरलेलं अर्धं बोलून टाकलं. "अर्थ जड होतो म्हणता? लहानू, तुम्ही अक्षरं सुंदर काढा, अर्थाचं आम्ही पाहू." मी हो जी म्हणून परत आलो. लाज वाटाले पाह्यजे होती, तवा वाटली नाई, सुटल्यासारखं वाटलं. बायनाबाईनं माह्या तोंडाकडे पाह्यलं अन् समजली. मंग ती स्वतः गेली. पदर डोक्यावर घेऊन, भुईकडे पाहून म्हणाली, "साहेब, ते बाहेरच्याईचं घर होय."

"तेच तर लिहिलंय, बाई!" साहेब खुश होऊन म्हणाले.

मे महिन्याच्या शेवटी उद्घाटन होतं. मुंबईहून एक मोठ्या अधिकारी बाई येणार होत्या. साहेबानं कार्यक्रम आखला: बाई आधी सारं मैदान फिरतील, शेवटी अतिथीगृहात विसावा घेतील, तिथी व्यवस्थापिका बायनाबाई परंपरेप्रमाणे त्याईचं स्वागत करन अन् दोन शब्द बोलन. बायनाबाईले नवं लुगडं देलं. दोन शब्द कोणते तेही साहेबानं पढवले. ती मान हलवत होती. मले तिच्या मान हलवण्याचाच धाक वाटला.

बाई आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, सुती साडी, मनगटावर पुरुषाचं घड्याळ. पाट्या नीट थांबून वाचत होत्या. एका पाटीतली वेलांटी चुकली हे त्याईनंच दाखवलं, माही मान खाली. फिरत फिरत सारी वरात कुटीपुढे आली. साहेब पुढे झाले. "आणि हे आमच्या संग्रहालयाचं हृदय."

बायनाबाई दारात उभी होती. दोन हात दोन बाजूच्या खांबाले लावून, अशी का आत वाऱ्यालेही जागा नाई. तिनं बाईच्या डोळ्यात पाह्यलं अन् इचारलं, "बाई, तुमी बाहेरच्या हाय का?"

झाडणाऱ्या दोन बाया होत्या, त्याईनं एकमेकीचा दंड धरला. साहेब मात्र फुलून गेले. "हो हो, बाहेरच्याच! थेट मुंबईहून आल्यात. मीही बाहेरचा, पुण्याचा. आज इथं आम्ही सगळेच बाहेरचे!"

झाडणाऱ्या बाया तोंडात पदर घालून गोठ्यामांगं पळाल्या. ड्रायव्हर गाडीकडे तोंड करून खांदे हलवत उभा राह्यला.

"तुमाले नाई इचारलं," बायनाबाई साहेबाले म्हणाली. "तुमी कायचे बाहेरचे? मी या बाईले इचारून राह्यली. बाई, महिन्याचे चार दिवस चालू असन तर या, बसा. हे घर त्याचंच होय. नसन, तर इथी तुमचं काई काम नाई."

साहेबाचं तोंड उघडं राह्यलं, अन् त्याईच्या डोळ्यापुढून सारं एकामागून एक जाताना मले दिसलं: जोडलेले हात, काढलेले बूट, दुपारच्या झोपा. बिचारे कानापर्यंत लाल झाले. मले हसू येत होतं अन् त्याईची कीवही येत होती.

मुंबईच्या बाईनं पाटी वाचली. मंग कुटीकडे पाह्यलं, मंग बायनाबाईकडे. "आमच्याकडेही होती अशी जागा," त्या हळूच म्हणाल्या. "जिन्याखाली. एक चटई आणि एक तांब्या. वीस वर्षांत आठवण नव्हती आली." बायनाबाईनं हात काढले. बाई वाकून आत गेल्या, एकट्याच. आपण सारे बाहेर. बराच वेळ लागला. निघाल्या तवा त्याईनं इचारलं, "ही इकडे आणली, मग तिथल्या बायका आता कुठं बसतात?"

बायनाबाईनं उत्तर द्याले तोंड उघडलं, अन् तिले रडू फुटलं. एवढ्या महिन्यात पह्यल्यांदाच. "पळसाच्या पानाखाली. माही सीता बसते, लेकरू घेऊन. आता पाणी येईन, बाई."

बाई साहेबाकडे वळल्या. "ही पाटी बदला. जे आहे ते लिहा. आणि यांच्या गावात कुटी उभी राहिल्याचं मला पंधरा दिवसांत कळवा."

आता साहेबापुढे दोन पेच. जे हाय ते पाटीवर लिवाचं, तर पुढच्या महिन्यात मंत्री येणार, ते वाचतील. अन् पंधरा दिवसात बांबू तर ब्रह्मदेव आला तरी भेटत नाई. साहेबानं रात्रभर विचार केला असन, कारण सकाळी दोन्ही पेच एकाच कागदानं सुटले. फाईलीत आलं: सदर कुटीस वाळवी लागल्याने ती मूळ जागी परत करण्यात येत आहे. वाळवी! बायनाबाईनं महिनाभर तेल पाजलेल्या सागवानाले! पण मी कायले बोलू? मी एकेचाळीसच्या चाळीस पाट्या केल्या. कुटीच्या जागी साहेबानं बाक टाकला. जाता जाता बायनाबाईले मात्र म्हणाले, "बाई, तुम्ही आधी नीट सांगायला हवं होतं." ती म्हणाली, "दोनदा सांगतलं, साहेब." माणूस वाईट नव्हता.

ट्रकसंगं मी गेलो. कोणी सांगतलं नव्हतं, मनातच टोचत होतं म्हणून गेलो. कोसमटोल्याच्या बायाईनं सारं सामान उतरवलं, नंबर पाहून कवेलू लावले. खांब पुरुषाईनं गाडले, पण असे जसं कोणी पाहूनच नाई राह्यलं. तीन दिवसात कुटी उभी झाली. जुन्यापेक्षा पक्की, पांढरीशुभ्र, दाराले नवी कडी.

अन् चौथ्या दिवशी सीता तिच्यात जाऊन बसली.

तवा माहं डोकं फिरलं. आमच्या घरी छप्पन्न सालच्या दीक्षेनंतर माह्या बापानं देव काढले, उपास काढले, विटाळ काढला. माही माय त्यानंतर कधी बाहेर बसली नाई. मी बायनाबाईवर ओरडलोच. म्हणलं, "बाई, एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याले तुमी दारात अडवलं. सारं संग्रहालय हलवलं. अन् भांडून आणलं काय? हेच? जाळून टाकाचं होतं हे!"

ती आपलं आंगण सारवता सारवता थांबली. हात तसाच मातीचा.

"तुमच्या बापानं देव काढले तवा संगं किती लोक होते?"

"सारी वस्ती होती."

"माह्यासंगं कोण हाय, भाऊ? मी एकटी हावो. एकटीनं मले कवेलू आणता आले. तेवढे आणले. तुमी तर एक शब्द पुसाले गेले होते, तो पुसता आला नाई तुमाले."

मी जाऊन मोहाच्या झाडाखाली बसलो.

दुपारी तिनं सीताचं जेवण आणलं. उंबऱ्याबाहेर भुईवर ठेवलं अन् चार हात मांगं सरकली. पोटच्या पोरीले शिवत नव्हती. नात नुकतीच चालाले लागली होती. माय कुटीत बसली का तिच्या अंगावरचं लेकरूही कुटीचंच. त्याले जो शिवन त्यानं नदीवर जाऊन आंघोळ कराची, मंगच गावात पाय टाकाचा. पण हे त्या पोट्टीले कोण सांगन? तीन दिवस आजीच्याच कडेवर होती, म्हणून ती सीधी उंबरा उतरून डुलत डुलत आली. बायनाबाईनं दोन्ही हात पाठीमांगं नेले. पोट्टीनं तिचं लुगडं धरलं अन् वर तोंड करून रडाले लागली. बायनाबाईनं उचललं.

"बायना, नदी!" पोचू पाटील दुरून ओरडला.

"जाते ना, भाऊ." गेली. ओल्या लुगड्यानं परत आली, तर पोट्टी पुन्हा बाहेर. पुन्हा उचललं, पुन्हा नदी. तिसऱ्यांदा पुन्हा तेच. नदी काई जवळ नाई, अन् ऊन असं का आल्या वाटेनंच लुगडं वाळत होतं. आतून सीता म्हणे, "माय, राहू दे, रडून रडून झोपन ते."

चौथ्यांदा पोट्टी आली तवा बायनाबाईनं तिले घेतलं, माह्या बाजूले येऊन मोहाखाली बसली, अन् मांडीवर टाकून थापटाले लागली. पाटील काठी टेकत जवळ आला. त्यानं एकदा खोकून पाह्यलं. तिनं वर पाह्यलं नाई. त्यानं माह्याकडे पाह्यलं, मंग नदीच्या वाटेकडे. "ऊन लय हाय आज," म्हणाला, अन् घरी गेला. बायनाबाई उठली नाई. पोट्टी झोपली, संध्याकाळी जागी झाली, तरी ती तिथीच होती. मंग ती नातीले कडेवर घेऊन, आंघोळ न करता, गावातून चालत आपल्या घरी गेली.